जाळीचा खडक : हरिहरेश्वर चित्रमालिकेच्या नोंदी

३ डिसेंबर २०२३, पुणे

कपाटातल्या जुन्या वह्या आज एकत्र काढल्या. २०१२ पासून मी अकरा वेळा हरिहरेश्वरला गेले आणि दर खेपेला तोच खडक काढत आले. वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवल्यावर हे इतकं ठळक दिसलं की आता मागे फिरायचं नाही, असं ठरवून टाकलं. एकच खडक, त्यावरचा एकच तुकडा, बारा चित्रं, जलरंगात. पूर्ण आकाराचे कागद, ५६ बाय ७६ सेंटीमीटर, सुती, ३०० जीएसएम, खरखरीत पोताचे. पुढच्या पावसाळ्यापर्यंत काम.

पहिलं चित्र मात्र या वह्यांमध्ये नाही. ते अभिषेकाच्या पावतीच्या मागच्या बाजूला आहे. आईला दर्शनाला घेऊन गेले होते. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असा तिथला रिवाज. तो झाला आणि प्रदक्षिणेच्या वाटेला लागलो. ही वाट देवळामागून डोंगरावर चढते आणि मग दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी सरळ समुद्रापाशी उतरते. आईचे गुडघे दुखत होते, ती वरच बसली. मी खाली जाऊन आले. "काय आहे गं खाली?" तिनं विचारलं. मला सांगता येईना. पावती उलटी केली आणि काढून दाखवलं: काळ्या कातळात शेजारी शेजारी कोरलेल्या वाट्या, त्यांच्यामध्ये कागदाइतक्या पातळ भिंती, आणि हे सगळं पोळ्यासारखं कड्यावर पसरलेलं. आई बराच वेळ पाहत राहिली. ती पावती आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

६ डिसेंबर २०२३, पुणे

वेळापत्रक. खालची वाट फक्त ओहोटीत मोकळी होते, त्यामुळे इथे घड्याळ समुद्राचं. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराला. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण कामाला पुरतं.

कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मला हवं होतं तेच निघालं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, आणि उतरतं ते संध्याकाळी सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास, ऊन तिरपं असताना. अष्टमीच्या आसपास भांग. तेव्हाची ओहोटी जेमतेम आणि तीही भर दुपारी बाराला. दर पंधरवड्याला मला कामाचे तीन दिवस मिळतात, फार तर चार.

२६ डिसेंबर २०२३, हरिहरेश्वर

दत्तजयंती, पौर्णिमा. ताम्हिणीमार्गे माणगाव, म्हसळा करत दुपारी पोचले. नाताळच्या सुट्टीची गर्दी. खानावळीतल्या वहिनींनी पान वाढतानाच विचारलं, "ताई, पुन्हा दगडच का?" हो म्हटलं. त्यांनी जास्तीचा भात वाढला.

साडेचारला फटीतून खाली उतरले. पाणी उतरत होतं. लाटांनी कड्याचा पाया शतकानुशतकं कापत नेला, वरचा भाग कोसळत गेला आणि कापल्या पातळीवर हा सपाट कातळ उरला. पायाखालचा तो सगळा सपाट पट्टा म्हणजे कधीकाळचा डोंगरच. दगड सह्याद्रीतलाच, बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा.

माझा तुकडा उभ्या भिंतीवर आहे, तोंड वायव्येला. दोरीनं मोजला : ६२ सेंटीमीटर रुंद, ४५ उंच. खडूचे चार ठिपके दिले (खडू पहिल्याच भरतीला धुऊन जातो, दगडाला काही होत नाही). भोकं मोजली, ११७. सगळ्यात मोठ्यात माझी मूठ जाते, सगळ्यात लहानात करंगळीचं टोक.

डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे सरकून मावळतो, त्यामुळे या भिंतीवर ऊन उजवीकडून, जवळजवळ घासत येतं. प्रत्येक वाटीची डावी आतली बाजू पेटते आणि उजवी काळीच राहते. पाच ते पावणेसहा, एवढीच ती वेळ. आज फक्त पाहिलं. वहीत रेषा आठ-दहाच.

२७ डिसेंबर २०२३, हरिहरेश्वर

पहिला कागद वाया. काळ्याच्या छटेसाठी तयार पेन्स ग्रे घेतला होता. तो कागदावर सपाट, मेलेला बसला. आणि मी भोकं रंगवत गेले, एकामागून एक, काळे ठिपके. तास उलटल्यावर लांबून पाहिलं तर चाळणी. खडकाचा एक कणही त्यात नव्हता.

ओहोटी कालच्यापेक्षा पाऊण तासानं पुढे सरकली, सूर्य मात्र कालच्याच वेळी बुडाला. पाणी पूर्ण उतरायच्या आत उजेड गेला.

४ जानेवारी २०२४, पुणे

आज अष्टमी, तिकडे जाण्यात अर्थ नाही. स्टुडिओत ठसे बाहेर काढून पाहिले. मागच्या खेपेला पातळ हातकागद दगडावर धरून मेणखडू घासला होता. तीन ठसे चांगले आले आहेत. त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट खटकत राहिली : ठशात भोकं येतच नाहीत. भोकाच्या जागी कोरा कागद, आणि मेण बसलं आहे ते सगळं भिंतींवर. खडूला फक्त भिंती सापडल्या.

ही जाळी होते कशी, तेही इथे लिहून ठेवते, कारण ब्रश कुठे थांबवायचा हे त्यावरून कळतं. लाटेचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. ऊन-वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ मागे राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना आजूबाजूचे कण रेटतात, कण सुटतात, खळगा होतो. एकदा खळगा झाला की मीठ त्यातच पुन्हा पुन्हा साचतं आणि तो आतून खोल होत जातो. मधली भिंत मात्र टिकते. वाटी आतून वाढते, कडेनं नाही. माझा ब्रश उलट जात होता, कडेवरून आत.

रात्री फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची एत्रेताची चित्रं पुन्हा काढून बसले. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावरचे पांढऱ्या चुनखडीचे कडे, आणि समुद्रात पाय रोवून उभी असलेली ती प्रचंड कमान, मानपोर्त. १८८३ ते १८८६ या काळात तो तिथे पुन्हा पुन्हा गेला. गी द मोपासां या लेखकानं त्याला तिथे काम करताना पाहिलं होतं. मागून मुलं पाच-सहा कॅनव्हास घेऊन चालत, विषय तोच, तास वेगळे. उजेड बदलला की मोने हातातला कॅनव्हास ठेवून दुसरा घेई. मी अकरा वर्षं एकच कागद घेऊन जात राहिले आणि बदलत्या उजेडाच्या मागे धावत राहिले. पुढच्या खेपेला तीन बोर्ड न्यायचे.

११ जानेवारी २०२४, हरिहरेश्वर

अमावास्या. आजचा दिवस सविस्तर लिहायलाच हवा.

साडेचारला खाली. तीन बोर्ड, तिन्हींवर तोच तुकडा आधीच फिकट पेन्सिलीनं आखून आणला होता. पहिला पावणेपाच ते पाच, दुसरा सव्वापाचपर्यंत, तिसरा सूर्य बुडेपर्यंत. पेन्स ग्रे घरीच ठेवला. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) ओल्यात मिसळू दिले. अल्ट्रामरीनचे कण जड, ते कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि दाणेदार करडा तयार होतो. थंड आणि ऊबदार एकाच वेळी. दगडाचा रंग नेमका तसाच आहे, लांबून काळा आणि जवळून शंभर रंगांचा.

भिंती कोऱ्या राखायच्या होत्या. मास्किंग फ्लुइड (कागदावर रंग अडवणारं द्रव) आणलं होतं, पण त्याची रेषा फार गुळगुळीत येते, तारेसारखी. पिशवीत देवळाजवळच्या दुकानातली साधी मेणबत्ती होती, लोडशेडिंगसाठी घेतलेली. तिनं भिंती काढल्या, डोळे दगडावर ठेवून, कागदाकडे न पाहता. मेण खरखरीत कागदाच्या उंचवट्यांवर बसलं, मध्ये तुटत, पुन्हा सुरू होत. त्यावरून ओला रंग सोडला. रंग मेणावरून ओघळला आणि खळग्यांत गोळा झाला. आतून खोल, कडेला फिकट. मी भोकं रंगवलीच नाहीत. ती आपोआप झाली, दगडात होतात तशी.

तिसरा कागद हातात असताना मागून पाणी आल्याचा आवाज झाला. खाली गरी टाकून बसलेले एक काका ओरडले, "ताई, पाठ करून बसू नका समुद्राला!" लाट माझ्या पायापर्यंत येऊन गेली, बोर्ड वाचला. ते पुढे म्हणाले, "सुकती (ओहोटी) असली तरी सातवी-आठवी लाट मोठी येते. तोंड पाण्याकडे ठेवा, नाहीतर कुणाला तरी बरोबर आणा." इथे माणसं वाहून गेली आहेत. पाटी आहे, आणि पाटी असायलाच हवी.

एत्रेतात मोनेचंही हेच झालं होतं, १८८५ च्या नोव्हेंबरात. पाणी उतरतंय अशा समजुतीत तो मानपोर्तपाशी रंगवत होता, प्रत्यक्षात भरती होती. लाटेनं त्याला कड्यावर आपटलं आणि ओढत नेलं. चित्र, इझल, सामान सगळं गेलं. तो रांगत बाहेर आला तेव्हा दाढी निळ्या-पिवळ्या रंगानं माखलेली होती. त्यानंतरही तो तिथे परत गेला. आज हे वाचलेलं आठवून अंगावर काटा आला, कारण दोन मिनिटांपूर्वी मीही दगडात तशीच बुडालेली होते.

उद्यापासून खानावळीतला मुलगा बरोबर येईल. त्याचं काम एकच, समुद्राकडे पाहत बसायचं.

१८ जानेवारी २०२४, हरिहरेश्वर

मुद्दाम अष्टमीला आले. भांग, ओहोटी बाराच्या सुमारास. पाणी फारसं हटलं नाही, माझ्या तुकड्यापासून चार पावलांवर रेंगाळत होतं. ऊन भिंतीच्या मागच्या बाजूला, भिंत सगळी सावलीत, जाळीला खोलीच नाही. पण उजेडाचं नाटक नसल्यामुळे रंग दिसले : गंजाचा तांबडा, खालच्या रांगेत शेवाळाचा ओला हिरवा, वरच्या रांगेत वाळलेल्या मिठाची राखाडी साय. वाट्यांच्या तळाशी पांढरं मीठ. बोटानं उचलून चाखलं. खारट, आणि मागून कडवट.

रंगांच्या पट्ट्या करून ठेवल्या, सोळा. चित्र नाही.

९ फेब्रुवारी २०२४, हरिहरेश्वर

अमावास्या. आज समुद्राचं पाणी वापरलं. वाटीत साचलेलंच घेतलं, डबक्यातलं, उन्हानं आटून घट्ट झालेलं. तेच ब्रशला, तेच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या हाताला. रंग सुकताना मिठाच्या भोवती सरकला आणि बारीक चांदण्या उमटल्या, काही ठिकाणी स्फटिक कागदालाच चिकटून राहिले. चार कागद केले, क्रमांक ५ ते ८. जी गोष्ट दगडाला आकार देते तीच कागदावर काम करते आहे, या विचारानं हात थरथरत होता. गेल्या बारा वर्षांत इतका आनंद कधी झाला नव्हता.

बरोबरच्या मुलानं काम संपल्यावर विचारलं, "ताई, याच्यात देव दिसतो का तुम्हाला?" मी म्हटलं, मला भिंती दिसतात. त्यानं खडकाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "रोज इथं येतो, पण हे असं बघितलंच नव्हतं."

८ मार्च २०२४, पुणे

महाशिवरात्र. तिकडे पाय ठेवायला जागा नसणार, गेले नाही. क्रमांक ९ स्टुडिओत, ठशांवरून.

२३ मे २०२४, हरिहरेश्वर

पौर्णिमा, पावसाआधीची शेवटची खेप. ओहोटी तीच, साडेपाचची. सूर्य मात्र बदलला आहे. डिसेंबरात ओहोटी आणि मावळतीत अर्ध्या-पाऊण तासाचंच अंतर होतं. आता सूर्यास्त सात वाजून गेल्यावर, आणि तोही वायव्येकडे झुकलेला. ऊन सरळ भिंतीच्या तोंडावर येतं आणि वाट्यांच्या तळापर्यंत शिरतं. सावल्या नाहीशा झाल्या. पाच महिन्यांपूर्वी ज्या ११७ वाट्या काळ्या होत्या त्या आज उजेडानं भरल्या होत्या, कुंकवाच्या करंड्यांसारख्या.

माझ्या सगळ्या चित्रांत भोक म्हणजे अंधार हेच गृहीत होतं. क्रमांक १० मध्ये भिंती गडद आणि वाट्या कोऱ्या. मेण या वेळी वाट्यांत घासलं. हे चित्र मला सगळ्यात जवळचं वाटतं आहे, कदाचित म्हणून, की याची मी काहीच तयारी केली नव्हती.

समुद्र उचलायला लागला आहे. काका भेटले. "आता नारळी पौर्णिमेपर्यंत खाली उतरायचं नाही, ताई." उतरणार नाही, असं कबूल केलं.

२६ जून २०२४, पुणे

५ ते ८ हे कागद पाहायला काढले आणि पोटात धस्स झालं. चारही ओले. टेबलावर, छताखाली, कपाटात ठेवलेले कागद हाताला दमट लागतात, मध्ये फुगले आहेत, मिठाच्या जागी पाण्याचे थेंब उभे आहेत. सातव्याच्या कोपऱ्यात बुरशीचे तपकिरी ठिपके.

कारण समजलं ते असं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात पुण्याची हवा तेवढी दमट सहज होते. शिवाय समुद्राच्या पाण्यात नुसतं खायचं मीठ नसतं. मॅग्नेशियमचे क्षार असतात (जिभेला लागलेली ती कडवट चव त्यांचीच), आणि ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेतही पाणी ओढतात. कागद उन्हाळ्यात सुकणार, पावसाळ्यात ओला होणार, दर वर्षी. मीठ आत स्फटिक होऊन तंतू रेटणार. दगडाचं जे झालं तेच कागदाचं, फक्त दगडापेक्षा फार लवकर.

फेब्रुवारीत मी ज्या विचारानं हरखले होते, तो हाच विचार. तेव्हा तो पूर्ण केला नव्हता.

२ जुलै २०२४, पुणे

कागदांच्या जतनाचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, धुवावंच लागेल, मीठ काढल्याशिवाय दुसरा उपाय नाही. सपाट तबकात शुद्ध पाणी, कागद अलगद तरंगवायचा, पाणी बदलत राहायचं. अडचण अशी की जलरंगातला डिंक पाण्यात पुन्हा सुटतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दोन्ही कागदाला फारसे धरून न राहणारे रंग. कितीसा रंग जाईल हे सांगता येत नाही.

पहिला ७ घेतला, तसाही तो बुरशीनं खराब झालेला. तीन वेळा पाणी बदललं. पहिल्या पाण्यात निळसर ढग उठला आणि मी तोंड फिरवलं. तिसऱ्या पाण्यानंतर कागद टिपकागदांमध्ये दाबून ठेवला.

५ जुलै २०२४, पुणे

७ सुकला. निळा बराचसा गेला. तांबूस करडा राहिला, दाण्यांच्या खळग्यांत. चांदण्या गेल्या. मेणाच्या भिंती जशाच्या तशा. हे चित्र आता जानेवारीतल्या चित्रांहून शांत आहे. जुनं, उन्हानं विटलेलं वाटतं. मला ते आवडलं आहे, आणि हे मी मनाची समजूत घालायला लिहीत नाही. शेजारी १० ठेवून अर्धा तास पाहिलं. दोघांमध्ये काहीतरी बोलणं चालू आहे.

५ आणि ६ उद्या धुते.

८ मात्र धुणार नाही. काचेत बंद करायचा नाही, विकायचा नाही, प्रदर्शनात लावायचा नाही. टेबलावर उघडा ठेवायचा आणि दर वर्षी चार वेळा त्याचा फोटो काढून तारीख लिहायची : चैत्रात, आषाढात, आश्विनात, पौषात. त्याला जाळी पडायची असेल तर पडू दे.

२० ऑगस्ट २०२४, पुणे

काल नारळी पौर्णिमा झाली. अकरा चित्रं भिंतीला टेकवून ठेवली आणि आईला स्टुडिओत आणलं. ती आता ब्याऐंशीची. खुर्ची मधोमध ठेवली. डावीकडून उजवीकडे तिनं एक एक पाहिलं, ७ पाशी थांबली, १० पाशी त्याहून जास्त थांबली. मग खणातली पावती मागितली आणि मांडीवर धरून पुन्हा चित्रांकडे पाहू लागली.

"या वाट्यांत पाणी राहतं का गं?"

राहतं म्हटलं. ओहोटीनंतर थोडा वेळ, मग आटतं, मीठ उरतं.

"ते कुठे काढलंस तू?"

नाही काढलेलं. अकरा चित्रांत एकाही वाटीत पाणी नाही. मी नेहमी पाणी बरंच उतरल्यावर सुरुवात केली, दगड कोरडा व्हायची वाट पाहत. भिंतीचा वरचा भाग सुकतो तेव्हा खालच्या दोन रांगांत पाणी असतं, त्यात आकाश असतं. ते मी रोज पाहिलं आणि एकदाही टिपलं नाही.

बारावा कागद अजून कोरा आहे. १५ नोव्हेंबरला कार्तिकी पौर्णिमा. भरती सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाच. या वेळी साडेतीनलाच खाली जायचं, पाणी उतरत असताना. वहिनींना फोन करून खोली सांगून ठेवली, आणि मुलालाही यायला सांगितलं आहे.